शिवेवरच्या बाईचा पत्ता

हिंगणखेडे (कोरीटजवळ),
१८ नोव्हेंबर २०२४

चि. काजल हिस प्रमिलाफुईचा आशीर्वाद.

आशीर्वाद आधीच देऊन टाकते, कारण पुढचं लिहिताना द्यायची इच्छा राहील की नाही सांगता येत नाही. फोन करत नाही. फोनवर तू आत्याला "हो फुई, बघते फुई" म्हणतेस आणि विसरतेस. कागद समोर पडलेला असला की माणसाला निदान लाज वाटते.

तुमच्या कंपनीच्या त्या नकाशाच्या अॅपवर तू आपल्या शिवेवरच्या बाईचा दगड टाकलास, असं तुझ्या चुलतभावाने, भूपेशने, मोठ्या कौतुकाने सांगितलं. टाकलास तर टाकलास. पण दगड कुठे आणि तुमची खूण कुठे? दगड नाल्यापल्याड, गावाच्या शिवेवर. तुमची खूण पडली आहे माझ्या खळ्यात. माझ्या खळ्यात सध्या काय असतं, हे नंदुरबारच्या पोरीला सांगायला नको. मिरचीची पथारी पसरली आहे, ओट्यापासून गोठ्यापर्यंत पाय ठेवायला जागा नाही. काल सुरतेची एक पांढरी गाडी सरळ त्या पथारीवरून आली. चाकांखाली मिरची फुटली, सगळे खोकायला लागले, आणि आतली बाई नाकाला रुमाल लावून मलाच विचारते, "काकी, तो प्राचीन दगड हाच का?" ती माझ्या धुण्याच्या दगडाकडे बोट दाखवत होती. भूपेशने तेवढ्यात तिचा त्या दगडाबरोबर फोटोही काढून दिला.

मी सांगितलं, दगड शिवेवर आहे, चालत जा. तिने फोन माझ्यापुढे धरला. म्हणाली, यात तर इथेच दाखवतं. जन्म ह्या गावात गेला माझा, आणि फोन दाखवून ती मला माझं गाव सांगते. आठवडाभर हेच चाललं आहे. एका गृहस्थाने तर तोंड वर करून विचारलं, दगड तुम्ही घरात लपवलात का म्हणून.

ती खूण आजच्या आज हलव, नाहीतर पुसून टाक. माझी मिरची काही तुमच्या रस्त्यासाठी वाळत घातलेली नाही.

तुझी,
प्रमिलाफुई

◆

पुणे,
२६ नोव्हेंबर २०२४

ती. फुई,
सा. न.

पत्र वाचून खरंच लाज वाटली. मिरचीचं नुकसान झालं त्याबद्दल माफ कर. चूक कशी झाली ते सांगते. पावसाळ्यात आले होते तेव्हा फोटो शिवेवर काढले, पण तिथे फोनला रेंज नव्हती. घरी येऊन तुझ्या ओट्यावर चहा पिता पिता माहिती चढवली, आणि फोनने ओट्याचीच जागा उचलली. माझं लक्ष गेलं नाही. खूण बदलण्याची विनंती आमच्याच कंपनीतल्या नकाशाच्या लोकांकडे केली आहे. त्यांच्याकडे रांग मोठी असते. होईल.

पण फुई, मी हे का केलं तेही ऐकून घे. आमच्या अॅपच्या नकाशावर अख्ख्या महाराष्ट्रात खुणाच खुणा आहेत. किल्ले, लेणी, कुणाच्या तरी पणजोबाची समाधीसुद्धा. आणि वर डाव्या कोपऱ्यात आपला जिल्हा कोरा. मीटिंगमध्ये एकाने विचारलं, तिथे बघण्यासारखं काही नसेलच ना? दुसरा म्हणाला, नंदुरबार गुजरातेत ना? सगळे हसले, आणि मीही थोडी हसले, याचा राग मला अजून येतो. त्या दिवशी ठरवलं, लोक नेहमीच्याच जागी गर्दी करतात, त्यांना आपल्याकडे वळवायचं. पहिली खूण आपल्या दगडाची. किती सुंदर कोरीव काम आहे, फुई. वर चंद्र-सूर्य, मध्ये ती बाई, शेजारी घडा. असा दगड दुसरीकडे असता तर त्याला कुंपण आणि पाटी असती. आपल्याकडे त्याला म्हैस बांधतात.

तू रागावलीस ते बरोबरच आहे. पण लोक येतात याचा थोडा तरी आनंद मान.

तुझी,
काजल

◆

हिंगणखेडे,
९ डिसेंबर २०२४

चि. काजल,

म्हैस बांधतात म्हणे. कुणाची म्हैस, कधी बांधली, नाव सांग. आपल्या गावावर असली तोहमत पुण्यात बसून लावू नकोस.

खूण अजून खळ्यातच आहे. मी खळ्याच्या तोंडाशी बाज आडवी टाकली आहे, म्हणून गाड्या आत येत नाहीत, बाहेर उभ्या राहून भोंगे वाजवतात. पण आजचा राग वेगळा आहे. काल एका मुलीने तिच्या फोनमधली "कथा ऐका" ही कळ दाबली आणि आतली बाई गोड आवाजात बोलायला लागली. हा दगड रणरागिणी हिंगणादेवीचा. तिने घोड्यावरून शत्रूशी लढत देह ठेवला. मी ओट्यावर बसून शेवटपर्यंत ऐकलं. ती मुलगी डोळे पुसत होती. मला हसावं की तिच्या हातातला फोन नाल्यात टाकावा कळेना.

कोण हिंगणादेवी? गावाच्या नावावरून बाई बनवता? आपल्याकडे कोणाला विचारलंस? कोणालाच विचारलं नाहीस, कारण विचारलं असतंस तरी तुला कोणी सांगितलं नसतं. ही गोष्ट लग्न झालेल्या लेकीला तिच्या पहिल्या आखाजीला, तुमच्या पुण्याच्या अक्षय्य तृतीयेला, सांगतात, त्या दगडापाशी उभं करून. त्याआधी नाही, आणि परक्याला तर नाहीच. तुझ्या लग्नाला दोन वर्षं झाली. दोन्ही आखाज्यांना तुला रजा मिळाली नाही. त्या फोनमधल्या बाईचं तोंड बंद करायचं, म्हणून मी रीत मोडून कागदावर लिहिते आहे. मला त्याचा रागच येतो आहे.

ती राणी नव्हती. सती नव्हती. लढली तर अजिबात नव्हती. ती आपल्याच घरातली लेक. किती पिढ्यांमागची, नाव काय, कोणाला माहीत नाही. तापीपल्याड दिली होती. सासरचे आखाजीला पाठवेनात. भरवैशाखात एकटी निघाली, बरोबर पाण्याचं भांडंसुद्धा नव्हतं. चालत चालत शिवेपर्यंत आली. तिथून आपल्या दारातला निंब दिसतो. तो बघितला असेल तिने. तिथेच पडली. त्या वेळी आपल्या घरात पितरांच्या नावाने घागर भरत होते. मेलेल्यांना पाणी देत होते आणि जिवंत लेक शिवेवर पाण्यावाचून गेली. तेव्हापासून आखाजीला येणारी प्रत्येक लेक आधी तिच्यावर पाणी घालते, मग गावात शिरते.

तिला तहान लागली होती, काजल. एवढीच तिची गोष्ट. तिला घोड्यावर बसवू नका.

प्रमिलाफुई

◆

पुणे,
२ जानेवारी २०२५

ती. फुई,

उत्तराला उशीर झाला. इथे वर्षअखेरीची फार धावपळ होती.

तुझं पत्र मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून वाचलं आणि पुन्हा जागेवर जाऊन बसायला वेळ लागला. ती कथा आमच्याकडचं मशीन लिहितं. आपण जागेचं नाव आणि फोटो द्यायचे, ते गोष्ट बनवतं. माणसाने तपासून मग ती सोडायची असते. कोणी तपासली ते बघते आणि बदलून घेते.

एक विचारू? तू लिहिलेली खरी गोष्ट टाकू का? तुझं नाव घालून. हिंगणादेवीपेक्षा ती शंभरपट चांगली आहे. लोक तिच्यासाठी मुद्दाम येतील. आखाजीलाच यावं असंही सुचवता येईल, लेकी पाणी घालतात ते त्यांना बघता येईल.

खुणेचं काम पुढच्या फेरीत घेतो म्हणाले आहेत.

तुझी,
काजल

◆

हिंगणखेडे,
२७ जानेवारी २०२५

चि. काजल,

गोष्ट टाकायची नाही. बघायला कोणाला बोलवायचं नाही. पुन्हा विचारू नकोस.

गाड्यांचा त्रास आता मिटला. येणारे येतात, बघतात, जातात. कोणी मला काही विचारत नाही. तुमच्या खुणेची घाई करू नका.

मिरची सगळी निघाली. तुझ्या आप्पाबरोबर तिखट पाठवलं आहे, मिळालं का कळव.

प्रमिलाफुई

◆

पुणे,
२० मार्च २०२५

ती. फुई,

तिखट मिळालं. त्याच्याबद्दल हे पत्र नाही.

जानेवारीत तुझी ओळ वाचून मला वाटलं, नकाशावाल्यांनी परस्पर खूण बदलली. मी निश्चिंत झाले. आपल्या जागेचा आमच्या कंपनीत सत्कार झाला, मी तिथे भाषण केलं. मागच्या आठवड्यात कळलं की खूण तेव्हा बदललीच नव्हती, आत्ता बदलली. आता ती अगदी शिवेवर आहे, बोटभरही चूक नाही. आणि बदलल्यापासून लोक लिहितात, इथे काहीच नाही. एकाने फोटो टाकला. त्यात एक खड्डा आहे आणि खड्ड्यात एक रिकामी बाटली.

मग लोकांनी त्याआधी टाकलेले फोटो काढून पाहिले. दगड तुझ्या ओट्याशेजारी. खाली सिमेंटचा चौथरा, वर पत्रा. बाईच्या साडीला लाल ऑइलपेंट, चंद्राला चंदेरी. बाजूला भूपेशची थंड पाण्याची टपरी, आणि टपरीवर बाण काढून लिहिलंय, "हाच तो दगड."

खूण चुकली म्हणून दगड हलवला? फुई, जगात कोणी असं केलं नसेल. नकाशा चुकला तर नकाशा दुरुस्त करतात, गाव उचलून नकाशात बसवत नाहीत. तो दगड शेकडो वर्षं एका जागी होता. जुन्या वस्तूची जागा हीच अर्धी वस्तू असते. तिथून निंब दिसतो म्हणून तो तिथे आहे, हे तूच मला लिहिलंस. मशीनने खोटी गोष्ट सांगितली तेव्हा तू माझी सालटी काढलीस. आणि तुम्ही काय केलंत? तिची खरी गोष्ट जेसीबीने उपटलीत. वर मला लिहिलंस, त्रास मिटला. माझ्यापासून लपवलंस.

भूपेश टपरीसाठी काहीही करील, त्याचा मला राग नाही. तुझा आहे. तू त्याला रस्त्यात आडवी व्हायला हवी होतीस.

दगड जिथे होता तिथे, होता तसा परत बसला पाहिजे. तुम्ही नाही केलंत तर मला जिल्ह्याच्या कचेरीत कळवावं लागेल. मी कळवेन.

काजल

◆

हिंगणखेडे,
३ एप्रिल २०२५

काजल,

आशीर्वाद या खेपेला शेवटी बघू.

मी आडवी झाले नाही असं तुला कोणी सांगितलं? सांगते काय झालं ते, आणि नीट वाच. संक्रांतीनंतर भूपेश सकाळी जेसीबी घेऊन शिवेवर गेला. मला पत्ता नाही. तुझ्या अॅपवर आपल्या गावाला लोक शिव्या द्यायला लागले होते. फसवलं, दगड नाहीच, गावकरी खोटं बोलतात. भूपेश पंचायतीचा मेंबर, त्याला ते झोंबलं. त्याने तुमच्या लोकांना खूण बदला म्हणून किती वेळा लिहिलं ते त्याला विचार. दर वेळी एकच उत्तर, "आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे." शेवटी तो म्हणाला, खूण हलत नाही ना, मग दगड हलवू. तुला हे हसू येण्यासारखं वाटतं. पण तुमचा फोन आणि आमचं गाव यांत खोटं कोण ठरतं हे आम्ही दोन महिने रोज बघत होतो. प्रत्येक वेळी गावच खोटं ठरायचं.

ट्रॉली दारात आली तेव्हा मी काठी घेऊन रस्त्यात उभी राहिले. भूपेशला जे बोलले ते कागदावर लिहिण्यासारखं नाही. म्हटलं, हिला आत्ताच्या आत्ता परत नेऊन जागेवर बसव, नाहीतर मला चिरडून पुढे जा. ट्रॉली उभी राहिली. तो वळवणारही होता.

तेवढ्यात समोरच्या घरातून तापीबाई बाहेर आली. गावात तिच्याएवढं म्हातारं कोणी नाही, डोळ्यांना नीट दिसत नाही. ट्रॉलीत काय आहे, तिने हाताने चाचपून बघितलं. बाईचा हात, बांगड्या, घडा. मग घरात गेली आणि तांब्या घेऊन आली. दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा. माहेरी आलेल्या लेकीवरून ओवाळतात तसा तिने तो दगडावरून ओवाळून टाकला आणि पायावर पाणी घातलं. म्हणाली,

"ऊनी वं माय. पोची गई एकदानी घर." आली गं बाई, पोचली एकदाची घरी, असं.

मग एकेक बाई आली. मीनाबाई आली, रुपा आली. कोणी कोणाला बोलावलं नाही. कोणी हळदकुंकू आणलं, कोणी चोळीचा खण. पाणी घालून घालून ट्रॉलीतून ओघळ लागले. मी काठी घेऊन उभी. मला वाटेतून सरकावं लागलं.

भूपेश घाबरून विचारतो, परत नेऊ का? तापीबाईने त्याच्याकडे तोंडही वळवलं नाही. म्हणाली, "तिले आते परत धाडानं नही."

रंग भूपेशचा. तो मी रॉकेलने घासून काढला, साडीच्या चुण्यांत थोडा राहिला आहे. टपरी हलवायला लावते. तुझ्यापासून लपवलं, कारण तू असंच पत्र लिहिशील हे मला ठाऊक होतं.

आता कचेरीला काय कळवायचं ते कळव.

प्रमिलाफुई

◆

पुणे,
१२ एप्रिल २०२५

ती. फुई,

पत्र पोचायच्या आधीच मी तक्रार दिली होती. ती मागे घेता येईल, पण मी घेणार नाही. मला रडू आलं हे खरं, आणि तरी घेणार नाही. आज तापीबाईंनी ठरवलं म्हणून दगड दारात आला. उद्या दुसरा कोणी म्हणेल, बाई माझ्या स्वप्नात आली, आता माझ्या हॉटेलात बसवा. मग कोणत्या तोंडाने नाही म्हणायचं? असंच एकेक करून आपलं सगळं गेलं आहे. नकाशावर आपला जिल्हा उगाच कोरा नाही.

फोनमधली हिंगणादेवीची कथा काढून टाकली आहे. ती तपासून सोडणारी मीच होते, न ऐकता सोडली होती.

कचेरीचे लोक २९ तारखेला दगड शिवेवर नेऊन बसवतील. तू अडवू नकोस.

काजल

◆

हिंगणखेडे,
१९ एप्रिल २०२५

चि. काजल,

तुझं म्हणणं कळलं. वेडं नाही ते. रागात असले तरी मला एवढं कळतं. उद्या भूपेशसारखे दहा निघतील हेही खरं.

पण मी ह्या घरात का राहते, हे तू कधी विचारलं नाहीस. लहानपणापासून बघत आलीस, तेव्हा फुई म्हणजे ओट्यावरचीच, असं तुला वाटलं असेल. माझं सासर खांडबाऱ्याला होतं. काय सोसलं ते लिहीत नाही. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी अंगावरच्या लुगड्यानिशी निघाले. नंदुरबारपर्यंत रेल्वेने आले, पुढे पायी. कोणीतरी आधीच येऊन घरी सांगितलं होतं. आबा, तुझे आजोबा, शिवेवर त्या दगडापाशी आडवे उभे होते. मला बसूही दिलं नाही. म्हणाले, "तुन्हं घर आते ते शे. जाय मागे." मला तिथून आपला निंब दिसत होता.

गेले मागे. पुढच्या वर्षी पुन्हा आले, पुन्हा तिथूनच परतवलं. आबा वाईट नव्हते. गावात तोंड कसं दाखवायचं, हा त्यांचा प्रश्न होता. तिसऱ्यांदा तुझा आप्पा, म्हणजे माझा भाऊ भटू, बैलगाडी घेऊन शिवेवर थांबला होता. त्याने आबांना विचारलं नाही. गाडीत बसवलं आणि गाडी थेट दारात आणली. त्याला विचार, तो खोटं बोलणार नाही.

जागा बदलली की अर्थ जातो म्हणतेस. जात असेल. तिच्या त्या जागेचा अर्थ एवढाच होता की ती घरी पोहोचली नाही. तो अर्थ जपायला तुम्ही तिला परत उन्हात उभी करणार. मला ह्याची चीड येते, काजल. आम्ही लेकींनी पिढ्यान्‌पिढ्या तिला पाणी घातलं आणि तिथेच ठेवून पुढे घरात आलो. एकीलाही सुचलं नाही की हिला बरोबर घेऊन जावं. तुझ्या फोनने खूण चुकवली म्हणून मी तुला एवढं बोलले. ती खूण पडली होती तिच्याच माहेरच्या दारात.

मी कोणाला अडवणार नाही. साहेब २९ ला येणार, आखाजी ३० ला. तू साहेबांच्या आधी ये. ही तुझी तिसरी आखाजी, निदान ह्या वेळी तरी रजा माग. दारात आलीस की तांब्या घे आणि तिच्या पायावर पाणी घाल. मग तिच्यासमोर उभी राहून तूच तिला सांग, तुझं घर आता ते आहे, जा मागे. तू सांगितलंस तर मी साहेबांना ट्रॉली स्वतः धुऊन देईन.

आशीर्वाद.

प्रमिलाफुई